आत कोणी असेल तर

आमच्या साडूभाऊंनी उभ्या आयुष्यात एकही दार कुणी उघडावं म्हणून वाजवलं नाही. ते दार वाजवायचे ते दाराचं म्हणणं ऐकायला. आपण आतून हातातलं काम टाकून धावत यावं, कडीला हात घालावा, तर बाहेरून आवाज यायचा, "थांबा, उघडू नका." मग पुन्हा टकटक, आणि त्यानंतर शांतता. ही शांतता एवढी लांबायची की बाहेरचा माणूस निघून गेला की उभ्या उभ्या आटोपला, अशी आतल्याला काळजी वाटावी. शेवटी "हं, उघडा आता" अशी परवानगी मिळाली की आपल्याच घराचं दार आपण पाहुण्याच्या हुकुमानं उघडायचं. समोर साडूभाऊ दाराला लावलेला कान काढून घेत उभे असायचे, आणि नमस्कार-चमत्काराच्या आधी दाराची तब्येत सांगायचे. माझ्या लग्नानंतर ते पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा दार उघडणाऱ्या माझ्या आईला म्हणाले, "मावशी, वाळवी लागली आहे. वरून दिसायची नाही. डाव्या हाताला, बिजागरीच्या वर, वीतभर." सुनेच्या माहेरचा माणूस म्हणून आई हसून चहा टाकायला वळली. त्याच वर्षी पोळ्याच्या दिवशी ती बिजागरी दाराच्या तुकड्यासकट तिच्या हातात आली. तेव्हापासून साडूभाऊ येणार असले की ती लाकडी देव्हाऱ्यावर टॉवेल टाकून ठेवायची.

ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ह्या बहिणीला बायको ताई म्हणते, म्हणून मीही ताईच म्हणतो. साडूभाऊंची नोकरी नेपानगरच्या कागदाच्या कारखान्यात, लाकडांच्या आवारात. सलईचे ओंडके आणि बांबूचे ढीग उतरवून घ्यायचे, सडकं-चांगलं निवडायचं आणि पुढे यंत्राकडे धाडायचं, ह्यात त्यांची हयात गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी बुऱ्हाणपुरात लालबागेत दोन खोल्या बांधल्या. घर साधंच, वर पत्रे, पण दार असं भारी सागाचं की आधी दार आणलं आणि मग त्याच्या मागे घर बांधलं, अशी शंका यावी. ती शंका खरी होती. माझं मोटार वाइंडिंगचं दुकान तिथून जवळ. निंबोल्याकडच्या केळीवाल्यांच्या जळालेल्या मोटारी नव्यानं भरून देता देता माझे केस पांढरे झाले. साडूभाऊ दुपारी दुकानात येऊन बसायचे. दुकानात सगळं लोखंड आणि तांबं, लाकडाचं एक स्टूलसुद्धा नाही. "तुमच्याकडे बरं वाटतं, साडूभाऊ," ते मला म्हणायचे, कारण ते माझे साडू तसा मीही त्यांचा साडू. "इथं कोणी बोलत नाही."

त्यांची ठोकायची एक ठरलेली पद्धत होती. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर, त्यावर इतक्या वर्षांचा घट्टा. दोनदा लगोलग आणि तिसऱ्यांदा जरा थांबून, मध्येच काहीतरी आठवल्यासारखं. टक-टक, आणि मग टक. मी अंथरुणात असलो तरी हा आवाज ओळखायचो आणि डोक्यावरून पांघरूण घ्यायचो. माझ्या मुलीला बघायला पाहुणे आले तेव्हा साडूभाऊंनी आधी पाट वाजवले, मग चहाचा ट्रे लाकडी होता तो चहासकट वाजवला, आणि शेवटी पाणी द्यायच्या निमित्तानं नवऱ्या मुलाच्या मागे जाऊन त्याच्या पाठीवर दोन आणि एक अशी तीन बोटं ठोकली. मुलाला ठसका लागला. मी कपाळाला हात लावला. पाहुणे गेल्यावर ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "द्या पोरगी. भरीव आहे." जावई खरोखरच भला निघाला, पण आजतागायत तो साडूभाऊंचं नाव निघालं की पाठ भिंतीला टेकवून बसतो.

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पण कधी कधी ते असं काही बोलून जायचे की हसू तोंडातच राहायचं. माझे वडील गेल्यावर त्यांची आरामखुर्ची ओसरीवर तशीच होती. सहा-सात महिन्यांनी साडूभाऊ आले, त्यांनी खुर्चीचा हात वाजवला, कान लावला. मग म्हणाले, "बाबा शेवटी शेवटी डाव्या अंगावर टेकून बसत होते का?" बसत होते. उजव्या बाजूला दुखायचं म्हणून. आम्ही घरातल्यांनीसुद्धा ते डॉक्टरनं विचारल्यावर आठवून सांगितलं होतं, आणि साडूभाऊ त्या काळात आमच्याकडे फिरकलेही नव्हते. मी विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितलं?" तर त्यांनी खुर्चीकडे बघितलं. त्या दिवसानंतर महिनाभर मी त्या खुर्चीत बसलो नाही, आणि बसलो तेव्हा मुद्दाम उजव्या अंगावर टेकून बसलो.

कारखान्याच्या आवारात मात्र त्यांचं ठोकणं हा कामाचाच भाग होता. ओंडका पुढे धाडायच्या आधी ते त्यावर तीनदा ठोकायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, "आत कोणी असेल तर निघा." मग तळहातावर तंबाखू-चुना मळायला घ्यायचे. तंबाखू मळून तोंडात जाईपर्यंत ओंडक्याला मुदत. तेवढ्यात कुणी बाहेर पडलं नाही तर ओंडका पुढे. सोबतचे लोक ह्याला 'साहेबांची नोटीस' म्हणायचे आणि टिंगल करायचे, पण नोटीस लागू पडायची. पाली निघायच्या, विंचू निघायचे, खारी तर चिडून निघायच्या. एकदा धामण निघाली आणि टिंगल करणारेच आधी पळाले. पिंगळ्याची तीन पिल्लं निघाली ती ताईंनी नाकतोडे पकडून, भरवून वाढवली. हे सगळं ते रंगवून सांगायचे. ह्या नोटिशीची सुरुवात कशी झाली ते मात्र त्यांनी मला एकदाच सांगितलं. नेपानगरला लागायच्या आधी, विशीत, ते कुठल्याशा लहान आरा मशीनवर होते. घाई होती. पोकळ दिसणारा एक ओंडका त्यांनी तसाच करवतीला लावला. "मध्येच करवतीचा आवाज बदलला," ते म्हणाले. "लाकडाचा आवाज मले ठाऊक होता. तो लाकडाचा नव्हता." पोपटाची पिल्लं होती. एवढं सांगून त्यांनी माझ्या दुकानातला एक पाना उचलला आणि उगाच फिरवत बसले.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात तापी फार आटली. राजघाटाच्या खालच्या अंगाला पायऱ्यांच्या दुरुस्तीचं काम निघालं होतं. तिथं जेसीबीनं गाळ ओढता ओढता काळ्या लाकडाची डोकी वर आली. आधी एक, मग दोन, मग ओळीनं अकरा. माणसाच्या कमरेएवढे जाड खांब गाळात उभे रोवलेले होते, आणि मे महिन्याच्या उन्हातही हाताला गार लागायचे. काम थांबलं, आणि भोपाळहून उत्खननवाल्या मॅडम आल्या. त्या मूळच्या नागपूरच्या, बोलायला सरळ. त्यांनी धूलकोटकडचे मजूर घेतले, दोऱ्या बांधून चौकोन आखले, आणि खुरपीनं, ब्रशानं बोट बोट गाळ काढायला सुरुवात केली. खड्ड्यात पाणी झिरपायचं, ते उपसायला पंप हवा होता, म्हणून मी तिथं गेलो. आणि घरी येऊन मी सहज बोलून गेलो, म्हणून साडूभाऊ तिथं आले. नंतर पुष्कळदा वाटलं, त्या दिवशी जीभ आवरली असती तर बरं झालं असतं. पण ते खोटं आहे. मला त्यांना तिथं न्यायचंच होतं.

पहिल्याच दिवशी त्यांनी मॅडमची अडचण सोडवली. इतकी वर्षं पाण्याखाली राहिलेलं लाकूड वर आलं की त्याला ऊन सोसत नाही. वाळलं की चिरतं आणि मग हातानं भुगा होतो. मॅडमनी ओली पोती गुंडाळली होती, ती अर्ध्या तासात कडक व्हायची. साडूभाऊंनी खांबाला हात लावून बघितला आणि मला म्हणाले, "तुमच्या निंबोल्यावाल्यांले फोन करा. घड कापून झालेली केळीची खोडं पडली असतील, ती आणा ट्रॅक्टरभर." मग त्या खोडांची सोपटं सोलून त्यांनी प्रत्येक खांबाला पदर पदर गुंडाळली. केळीचं सोपट आत पाणी धरून ठेवतं, दिवसभर गार राहतं. मॅडम खूश झाल्या. अकरा खांब केळीची सोपटं नेसून ओळीनं उभे राहिले, आणि घाटावरून येणारे-जाणारे लोक, कुठल्या देवाचं आहे न विचारता, नमस्कार करायला लागले.

मग त्या आठवड्याच्या बुधवारी मॅडमनी आम्हाला दोघांना बसवून खरी गोष्ट सांगितली. "सोमवारी इथं काँक्रीट पडणार आहे. मी त्यांना आणखी थांबवू शकत नाही. कागदावर ही नुसती लाकडं आहेत. शेकडो वर्षांची आहेत की आपल्या आजोबांच्या काळातली, कुणी म्हणेल ते खरं. एका खांबाची चकती कापून ती रविवारी माझ्याबरोबर भोपाळला गेली, जुनी आहे एवढं जरी तिथं ठरलं, तरी जागा वाचेल. नाहीतर सोमवारी हे सगळे उपटून गाळाबरोबर टाकतील." यंत्राची करवत लावली तर ओलं लाकूड फाटलं असतं. हातानंच कापायला हवं होतं, आणि तेही एकाच खांबाचं, घाटाकडून चौथ्या. बाकीच्या दहांची डोकी जेसीबीच्या धक्क्यानं चिरली होती. "तुमच्यासारखा हात मला इथं दुसरा मिळायचा नाही," मॅडम साडूभाऊंना म्हणाल्या. साडूभाऊ एवढे लाजले की त्यांनी बसल्या बसल्या मॅडमची लाकडी पेटी वाजवली.

गुरुवारी ते आपली करवत तेलाच्या फडक्यात गुंडाळून घेऊन आले. वेळ दुपारी बाराची ठरली, कारण तेव्हा मजूर जेवायला जायचे आणि त्यांना ऐकायला शांतता हवी होती. भर दुपारी नदीकाठ कसा होतो ते बुऱ्हाणपूरकरांना सांगायला नको. घाटावर माणूस नाही, पाण्यावर पाखरू नाही, वाळूवरची हवा हलताना दिसते, आणि पलीकडच्या काठावर कुणी उभं आहे असं उगाच वाटत राहतं. साडूभाऊंनी मला पंप बंद करायला सांगितलं. खड्ड्यात उतरून त्यांनी चौथ्या खांबाची सोपटं सोडली, टक-टक, आणि मग टक असं ठोकलं, म्हणाले, "आत कोणी असेल तर निघा," आणि तंबाखू मळायला घेतली.

एक श्वास जाईल एवढा वेळ गेला. मग खालून उत्तर आलं. टक. टक. टक. तिन्ही सारख्या अंतरानं, सावकाश.

माझ्या तळपायाला ते आधी कळलं आणि कानाला नंतर. मी पंपाकडे बघितलं. पंप बंद होता, त्याची वायर माझ्या हातात होती. चाळीस वर्षं मोटारी दुरुस्त करणारा माणूस मी, कुठला आवाज कशाचा ते सांगू शकतो. हा कशाचा ते मला सांगता येईना. साडूभाऊंनी मळलेली तंबाखू तोंडात टाकली नाही. ती तशीच तळहातावर धरून ते माझ्याकडे बघत राहिले. "साडूभाऊ," ते हळूच म्हणाले, "आत कोणी आहे."

मॅडमना बोलावलं. त्यांनी नीट समजावून सांगितलं. खाली गाळात आडवं लाकूड असणार, सगळे खांब त्याला जोडलेले असणार. इथं ठोकलं की आवाज तिकडे जाऊन परत येतो. शिवाय ओलं लाकूड वाळताना आकसतं आणि टकटकतं. "मग तीनच कायले?" साडूभाऊंनी विचारलं. मॅडमनी स्वतः ठोकून बघितलं, मुद्दाम पाच वेळा. उत्तर तीनच आलं. मी एकदा ठोकलं. तीन. मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं, त्यावर थोडा वेळ पेन धरून बसल्या, आणि मग ती ओळ खोडली. तोपर्यंत मजूर परत आले होते. त्यांना कुणी काही सांगितलं नाही, तरी दुसऱ्या दिवसापासून ते जेवायला घाटाच्या पार वरच्या टोकाला बसू लागले, आणि त्यांच्यातल्या एका म्हातारीनं जाता जाता चौथ्या खांबापुढे भाकरीचा तुकडा ठेवला.

शुक्रवार तसाच गेला. शनिवारही. बाराला पंप बंद, तीन ठोके, नोटीस, आणि श्वासभरानं खालून तीन. साडूभाऊ करवत मांडीवर घेऊन तास तास बसायचे. मॅडम चिडल्या नाहीत, पण शनिवारी त्या खड्ड्यात उतरून त्यांच्या शेजारी बसल्या. "काका, तुम्ही कापलं नाही तर सोमवारी ते यंत्रानं उपटणार. मग आत जो कोणी आहे त्याचं काय होणार?" साडूभाऊ म्हणाले, "ते मले समजत नाही असं नाही, मॅडम. पण उत्तर येऊ राहिलं तर करवत चालवायची कशी? एकदा चालवली होती." त्यांनी करवत पुन्हा फडक्यात गुंडाळली. मी त्यांना स्कूटरवर घरी सोडलं. मला त्यांचा राग आला होता, भीती वाटत होती, आणि ह्या दोन्हींपेक्षा जास्त त्यांची दया येत होती. आयुष्यभर लाकडं कापायला धाडणाऱ्या माणसाला म्हातारपणी एक लाकूड वाचवायची संधी मिळाली होती, आणि वाचवायचं तर कापायचं होतं.

रविवारी बाराच्या सुमारास ताई डबा घेऊन घाटावर आल्या. नवरा तीन दिवस नीट जेवला नव्हता म्हणून त्यांनी वांग्याचं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणली होती. खड्ड्याच्या काठावर पदर डोक्यावर घेऊन त्या उभ्या राहिल्या आणि सगळा प्रकार ऐकून घेतला. त्यांच्यासमोरच साडूभाऊंनी ठोकलं, नोटीस दिली, आणि खालून तीन आले. ताई घाबरल्या नाहीत. डबा ह्या हातातून त्या हातात घेत त्या म्हणाल्या, "तुम्ही तीन दिवसांपासून निघा निघा करू राहिले. पण जायचं कुठं ते सांगितलं का त्याले?"

साडूभाऊंनी करवत बाजूला ठेवली.

"इतक्या वर्षांचं बिऱ्हाड ते," ताई म्हणाल्या. "खारीले दुसरं झाड असते. ह्याले कोण आहे? भाडेकरूले पण आधी दुसरी खोली दाखवा लागते."

साडूभाऊ गुडघ्यावर बसले. खांबाला कपाळ लावल्यासारखे वाकले आणि म्हणाले, "आत कोणी असेल तर निघा. लालबागेत माझं घर आहे. पाण्याच्या टाकीच्या मागे, तिसरं. दार सागाचं आहे, मी स्वतः निवडलेलं. तिथं या, राहा." पत्ता सांगताना त्यांनी हातानं दिशाही दाखवली. दुसरी कुठली वेळ असती तर मी पोट धरून हसलो असतो. मॅडम माझ्या शेजारी उभ्या होत्या, त्यांनी माझा दंड धरला होता, आणि ते त्यांच्या लक्षात नव्हतं.

मग साडूभाऊंनी ठोकलं. टक-टक, आणि मग टक. आम्ही थांबलो. सोपटातून पाणी ठिबकत होतं तेवढाच आवाज. त्यांनी तंबाखू मळली, सावकाश मळली, तोंडात टाकली. खालून काही आलं नाही. त्यांनी पुन्हा ठोकलं, तरी आलं नाही. तीन दिवस ज्या आवाजानं माझी झोप गेली होती तो थांबला, आणि मला सुटल्यासारखं वाटायच्या ऐवजी एकदम ओकंबोकं वाटलं.

त्यांनी करवत लावली. पाऊण तास ते कापत होते, मान तिरकी करून, आवाज ऐकत. आवाज पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखा राहिला. चकती हातात आली तेव्हा बाहेरून काळी आणि आत तांबूस होती, आणि तिला सागाचा ताजा वास येत होता. मी वाकून बघितलं. कडेपासून मध्यापर्यंत भरीव, वर्तुळाला वर्तुळ चिकटलेलं. आत मुंगीलासुद्धा जागा नव्हती. मॅडमनी ती ओल्या फडक्यात गुंडाळली आणि दुपारच्या गाडीनं भोपाळला नेली. सोमवारी काँक्रीटची गाडी आली, घाटावर उभी राहिली, फोन झाले, आणि परत गेली. आता तिथं पत्र्याची शेड आहे, कुंपण आहे, आणि हात लावू नका असा फलक आहे. नेमकं वय अजून कळायचंय, पण जुनं आहे एवढं कागदावर आलं. तिथं होड्या लावायचा धक्का होता की पूल होता ह्यावर अजून वाद आहे, आणि तो मिटावा अशी कुणाची फारशी इच्छा दिसत नाही.

त्यानंतर साडूभाऊंनी जगातली सगळी दारं वाजवली, पण स्वतःच्या घराचं दार पुन्हा कधी वाजवलं नाही. बाहेरून आले की अंगणातूनच "आलो" म्हणायचे. मी कारण विचारलं तर इकडे-तिकडे बघून हळूच म्हणाले, "त्याले वाटेल, पुन्हा निघ म्हणू राहिलो." दर दुपारी बाराला, ते म्हणायचे, दारातून तीन येतात. ताईही म्हणायच्या. मी म्हणायचो, उन्हानं लाकूड आकसतं, मॅडमनी सांगितलंय. मात्र त्यांच्याकडे मी नेहमी संध्याकाळी पाचनंतर जायचो, आणि हे त्या दोघांच्या लक्षात आलेलं होतं.

गेल्या थंडीत चार दिवसांच्या तापानं ते गेले. मी दवाखान्यात भेटलो तेव्हा त्यांनी पलंगाच्या कठड्याला बोट लावून बघितलं, तो लोखंडी होता, आणि मग हात पोटावर ठेवून दिला. मला एवढंच म्हणाले, "इथं कोणी बोलत नाही, साडूभाऊ." माझ्या दुकानाबद्दल ते हेच म्हणायचे, पण ह्या वेळी त्यांना ते बरं वाटत नव्हतं. मला फार वाईट वाटलं. त्यांच्या घरून पाट तरी आणून उशाशी ठेवायला हवा होता, हे मला दुसऱ्या दिवशी सुचलं, आणि तोवर उशीर झाला होता.

तापीकाठीच नेलं. चितेजवळून ती पत्र्याची शेड दिसत होती. त्यांचा मुलगा इंदूरहून आला होता, तो अग्नी द्यायला पुढे झाला, आणि मी म्हणालो, "थांबा." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला काय करायचंय ते मलाही नीट ठाऊक नव्हतं. मी चितेजवळ गेलो आणि खालच्या मोठ्या लाकडावर मधल्या बोटाचं पेर ठोकलं. दोनदा लगोलग, आणि तिसऱ्यांदा जरा थांबून. म्हणालो, "आत कोणी असेल तर निघा." मला तंबाखूची सवय नाही, म्हणून नुसताच तळहात चोळत उभा राहिलो. तळाच्या लाकडांतून एक पाल निघाली आणि वाळूत पळाली. साधी पाल. कुणीतरी मागे हुंदका दिला. मग मी वाकलो आणि दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणालो, "साडूभाऊ, जायचं कुठं ते ठाऊक आहेच. टाकीच्या मागे, तिसरं." आणि बाजूला झालो.

परवा निंबोल्याहून केळीचा फणा आला, तो द्यायला ताईंकडे गेलो. मुद्दाम दुपारी बाराच्या सुमारास गेलो. अंगणात उभा राहिलो. दार लोटलेलं होतं. वाजवायला हात वर गेला आणि तसाच राहिला, कारण वाजवायचं नाही हे त्या घराचं ठरलेलंच होतं. मी "ताई" म्हणून हाक मारली. आतून, स्वयंपाकघरातून, भांड्याचा आवाज आला आणि ताई म्हणाल्या, "आले."

ताई अजून आत होत्या. अंगणात मी एकटा होतो. दारातून आधी तीन आले, सावकाश, सारख्या अंतरानं. ते मी घाटावर ऐकलेले होते. मी केळी छातीशी धरून उभा राहिलो. मग थोड्या वेळानं, त्याच दारातून, दोन आले लगोलग, आणि तिसरा जरा थांबून.

ताईंनी दार उघडलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. मी म्हणालो, "उन्हानं लाकूड आकसतं, ताई." त्या म्हणाल्या, "हो ना." माझ्या हातातली केळी घेतली, मला आत घेतलं, आणि दार हळूच लोटून घेतलं, कुणी झोपलेलं असलं की लोटतात तसं.